दोन निरीक्षक आणि एक प्रकाशकिरण

धावत्या आगगाडीत पुढे चालणाऱ्या प्रवाशाचा वेग फलाटावरून मोजताना आपण त्यात गाडीचा वेग मिळवतो. प्रकाशाला मात्र ही बेरीज मान्य नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तरी १८८७ साली मायकेल्सन व मॉर्ली यांना निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक आढळला नाही. लोरेंट्झ यांनी १९०४ साली त्यासाठी सूत्रे मांडली. पण त्यांचा खरा अर्थ १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइन यांनी उलगडला. ही सूत्रे शालेय बीजगणिताने सिद्ध करता येतात. वाचकांनी पेन्सिल हाती घ्यावी, एवढीच आमची विनंती.

फलाटावरील निरीक्षक एखाद्या घटनेचे अंतर क्ष व काळ क मोजतो. व या वेगाने जाणाऱ्या गाडीतील निरीक्षक तेच क्ष′ व क′ असे मोजतो. जुन्या समजुतीप्रमाणे क्ष′ = क्ष − वक. आपण त्यास एक अज्ञात गुणक ग जोडू :

क्ष′ = ग (क्ष − वक)

दोघांपैकी कोणीही श्रेष्ठ नाही. म्हणून उलट दिशेनेही गुणक तोच, फक्त वेगाचे चिन्ह बदलते :

क्ष = ग (क्ष′ + वक′)

दोघे एकमेकांसमोर येताच एक प्रकाशकिरण सुटला. प्रकाशाचा वेग प दोघांनाही सारखाच; म्हणून क्ष = पक आणि क्ष′ = पक′. या किमती घातल्या की

पक′ = ग (प − व) क
पक = ग (प + व) क′

दोन्ही समीकरणांचा गुणाकार करून क व क′ काढून टाकले, की प² = ग² (प² − व²) उरते. म्हणजेच

ग = १ ÷ √(१ − व²/प²)

आता पहिल्या दोन समीकरणांतून क्ष′ काढून टाकावा :

क′ = ग (क − वक्ष/प²)

सारे मर्म या शेवटच्या ओळीत आहे. काळाच्या सूत्रात अंतर शिरले! फलाटावरून एकाच क्षणी, पण वेगवेगळ्या ठिकाणी घडलेल्या दोन घटना गाडीतून एकाच क्षणी घडलेल्या दिसत नाहीत. ‘आत्ता’ हा शब्द सर्व विश्वासाठी एकच उरला नाही.

आगगाडीच्या वेगाला ग जवळजवळ १ असतो, म्हणून व्यवहारात काही बिघडत नाही. प्रकाशाच्या ६० टक्के वेगाला तो १.२५ होतो. वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मणारे म्यूऑन नावाचे कण सरासरी सेकंदाच्या दशलक्षांशाच्या २.२ पट काळ जगतात. तेवढ्या अवधीत प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जाईल. तरी ते जमिनीपर्यंत पोहोचतात. आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंदावलेले असते. म्यूऑनच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे घड्याळ बिनचूक चालते. आखडते ते आपले वातावरण. दोघांचे हिशेब निराळे, परंतु कण जमिनीवर पोहोचतो, याविषयी दोघांचे एकमत असते.