वेग मिळाला, वाट मिळाली नाही

२ मार्च १९६९ रोजी फ्रान्समधल्या तुलूझच्या धावपट्टीवरून वैमानिक आंद्रे तुर्का यांनी कॉन्कॉर्ड हे स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान, प्रवासी विमान पहिल्यांदा हवेत नेलं. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेत बोइंग ७४७ने पहिली भरारी घेतली होती. एक विमान वेळ निम्म्यावर आणणारं, दुसरं साडेतीनशेहून अधिक माणसं नेणारं. पुढचा काळ जंबोचा ठरला. असं का झालं म्हणून विचारलं, की इंधनाचा खर्च आणि २००० सालचा अपघात ही दोन कारणं पुढे येतात. ती खोटी नाहीत. पण कॉन्कॉर्डची कोंडी त्याच्या कितीतरी आधी, प्रवासी सेवा सुरू होण्यापूर्वीच झाली होती. स्वनातीत प्रवास परत येणार अशी चर्चा पुन्हा रंगली असताना हा इतिहास पाहायला हवा.

ती कोंडी केली आवाजाच्या दणक्याने. विमान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या एकाच क्षणी हा दणका बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वेग तेवढा असेपर्यंत, होडीमागे पाण्यात लाट उमटत जावी तशी, दाबाची लाट विमानामागे जमिनीवरून सरकत राहते. वाटेतल्या प्रत्येक गावाला एकेक दणका मिळतो. अमेरिकेने १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने याची चाचणी घेतली. लष्करी विमानांनी शहरावर साडेबाराशे दणके दिले. काचा फुटल्या, तक्रारींचा ढीग पडला आणि शेवटी एक चतुर्थांशाहून अधिक नागरिकांनी हे कायमचं सोसता येणार नाही, असं सांगितलं. १९७१ मध्ये अमेरिकी सिनेटने बोइंगच्या स्वनातीत विमानाचा पैसा रोखला. १९७३ मध्ये जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना बंदी झाली आणि त्याच वर्षी पॅन ॲम व टीडब्ल्यूए या विमान कंपन्यांनी कॉन्कॉर्डमधून अंग काढून घेतलं. एअर इंडियानेही दोन विमानांसाठी हक्क राखून ठेवला होता. तिचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', १९७१ मध्ये मुंबईत दाखल झालं. कॉन्कॉर्ड मात्र कागदावरच राहिलं.

२१ जानेवारी १९७६ रोजी लंडनहून बहारीनला आणि पॅरिसहून रिओला सेवा सुरू झाली. ज्या न्यूयॉर्कसाठी एवढा खटाटोप केला, तिथला विमानतळ मात्र कोर्टकज्जे संपेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर १९७७ पर्यंत बंद राहिला. पूर्वेकडे सिंगापूरचा मार्ग काढला, तर मलेशियाने आवाजाची तक्रार केली, भारतानेही आपल्या आकाशात तो वेग नको म्हटलं. १९८० मध्ये तो मार्ग गुंडाळला. सोव्हिएत तुपोलेव १४४ कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी उडालं होतं. त्याची प्रवासी सेवा तर ५५ फेऱ्यांतच थांबली. कॉन्कॉर्डच्या वाट्याला उरला तो मुख्यतः अटलांटिक. बनली एकूण २० विमानं, प्रवासी सेवेत आली १४.

विमान म्हणून ते अजोड होतं. १८ किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या दुप्पट वेगात कवच इतकं तापायचं, की सांगाडा १५ ते २५ सेंटिमीटरनी लांबायचा. फ्लाइट इंजिनिअरच्या यंत्रफलकाशेजारी तेवढ्यापुरती फट पडायची. निवृत्तीच्या अखेरच्या उड्डाणात काही इंजिनिअरांनी त्या फटीत आपली टोपी सरकवली. विमान थंड झालं आणि टोपी तिथेच अडकली. लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत व्हायचं, पण शंभर प्रवाशांसाठी तासाला सुमारे २५ हजार लिटर इंधन जळायचं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ ११३ जणांचा बळी गेला. सेवा पुन्हा सुरू झाली, तरी ऑक्टोबर २००३ मध्ये ती कायमची थांबली.

आताचे प्रयत्न नेमके त्या दणक्यापाशी सुरू होतात. बूम या अमेरिकी कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी मोहावीच्या आकाशात ध्वनीचा वेग ओलांडला. पुरेशा उंचीवर वेग बेताचाच जास्त ठेवला, तर खालच्या उबदार हवेत लाट वर वळते, जमिनीपर्यंत पोहोचत नाही, यावर कंपनीची भिस्त आहे. नासाच्या एक्स-५९ची वाट वेगळी. त्याचं लांबलचक नाक दाबाच्या लाटांना एकत्र येऊ देत नाही. त्या नाकापायी वैमानिकाला समोर खिडकीच नाही. तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याआधी जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवण्याचा आदेश काढला.

म्हणून उद्याच तिकिटं मिळतील असं नाही. बूमच्या ६० ते ८० आसनी ओव्हर्चर या नियोजित प्रवासी विमानासाठी इंजिन घडवायला रोल्स-रॉइसने २०२२ मध्ये नकार दिला. कंपनी इंजिनही स्वतःच घडवते आहे. इंधनाचा हिशेबही सुटलेला नाही. शिवाय अमेरिकेची बंदी उठली, म्हणून इतर देशांचं आकाश खुलं होत नाही. त्यामुळे या साऱ्यात मला एक्स-५९चं काम अधिक मोलाचं वाटतं. ते वस्त्यांवरून नेऊन खालच्या लोकांना विचारायचं, की किती आवाज चालेल. त्या उत्तरांतून आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरली, तर जमिनीवरचे मार्ग खुले होतील. नाही ठरली, तर ओव्हर्चरलाही समुद्रापुरतंच उडावं लागेल.