लाल जर्सी मिळाली म्हणजे सुटलो?

2010 साली वेल्सच्या रग्बी संघात दोन पोरं आली. दोघांचाही जन्म 1992चा, दोघेही विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट पळून ट्राय करणारे, म्हणजे समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणारे. टॉम प्रायडी मार्चमध्ये इटलीविरुद्ध उतरला तेव्हा त्याचं वय होतं 18 वर्षं 25 दिवस. वेल्सचा सर्वांत तरुण खेळाडू हा 1888 पासून नॉर्मन बिग्जच्या नावावर असलेला विक्रम त्याने मोडला. जॉर्ज नॉर्थ आला नोव्हेंबरमध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन ट्राय केले. पुढे नॉर्थ वेल्सकडून 121 सामने खेळला. प्रायडी पाच.

अठराव्या वर्षी देशाची लाल जर्सी मिळाली की पोराचं भलं झालं, हा वेल्सच्या रग्बीबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज. गंमत म्हणजे याच्या उलटही तितकंच चुकीचं आहे. प्रायडी ‘वाया गेला’ असं म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, की राष्ट्रीय संघाचं दार बंद झाल्यावरही तो ड्रॅगन्स, स्कार्लेट्स अशा संघांकडून वर्षानुवर्षं व्यावसायिक रग्बी खेळत होता. खेळाडूचं पोट क्लबच्या करारावर चालतं. देशाकडून खेळणं हा मान, आणि वर थोडी कमाई.

करार देणारे आहेत तरी किती? वेल्सची लोकसंख्या सुमारे 31 लाख. रग्बी युनियन हा खेळ 1995 साली व्यावसायिक झाला आणि 2003 मध्ये वेल्सने जुन्या क्लबांवर पाच प्रादेशिक संघ उभे केले. त्यातला एक वर्षभरातच गुंडाळला गेला. उरले कार्डिफ, ड्रॅगन्स, ऑस्प्रीज आणि स्कार्लेट्स. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या रग्बी संघटनेने चाराचे तीन करायचं ठरवलं. म्हणजे काही डझन नोकऱ्या आणखी कमी.

गैरसमज: व्यावसायिक खेळाडू म्हणजे गडगंज.

2024-25 च्या हंगामात प्रत्येक प्रादेशिक संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा होती सुमारे 45 लाख पौंड, म्हणजे पन्नासएक कोटी रुपये. त्यातून चाळीसच्या आसपास खेळाडूंचे पगार भागवायचे. आयपीएलच्या लिलावात एकट्या ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले, हे आठवलं की अंदाज येईल. नव्या पोराच्या वाट्याला काय येत असेल ते सांगायला नको.

फेब्रुवारी 2023 मध्ये ही खदखद उघड्यावर आली. संघटना आणि प्रादेशिक संघ यांच्यातल्या पैशाच्या वाटाघाटी रखडल्या होत्या आणि नवे करार अडकून पडले होते. अनेकांचे करार त्याच उन्हाळ्यात संपणार होते. पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला कुठली बँक घरासाठी कर्ज देईल? त्यात प्रस्ताव आला तो 80 टक्के रक्कम निश्चित आणि 20 टक्के बोनसवर अवलंबून, असा. खेळाडूंनी सरळ सांगितलं, 25 तारखेचा इंग्लंडविरुद्धचा सामना आम्ही खेळणार नाही. कार्डिफचं मैदान, समोर इंग्लंड, आणि वेल्सचा संघ संपावर! सामन्याच्या तीन दिवस आधी तडजोड झाली. सामना झाला, वेल्स 20-10 ने हरला, पण खेळाडूंच्या काही मागण्या पदरात पडल्या. त्यांतली एक तरुणांच्या नशिबाशी थेट जोडलेली होती.

‘गुणवत्ता असेल तर कुठेही खेळा, देश बोलावतोच’ असं आपल्याला वाटतं. वेल्समध्ये तसं नव्हतं आणि नाही. वेल्सबाहेरच्या क्लबकडून खेळायचं आणि राष्ट्रीय संघातही राहायचं तर आधी देशाकडून 60 सामने खेळलेले हवेत, असा नियम 2017 मध्ये आला होता. संपाच्या धमकीनंतर 60 चे 25 झाले. तरीही विशीतल्या पोराला 25 म्हणजे डोंगरच. जो हॉकिन्स या सेंटरचंच, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचंच बघा. ऑस्प्रीजचा मुलगा, 2022 च्या नोव्हेंबरात वेल्सकडून पहिला सामना, पाच सामने खेळून झाले आणि 2023 मध्ये त्याने इंग्लंडच्या एक्सेटर चीफ्सशी करार केला. झालं, राष्ट्रीय संघाचं दार बंद. त्या वर्षीचा विश्वचषक त्याच्याविना गेला. तो 2025 मध्ये स्कार्लेट्सकडे, म्हणजे वेल्समध्ये, परतला तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं.

आणि त्याच एक्सेटरचा डॅफिड जेंकिन्स 2024 च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे सहा युरोपीय देशांच्या वार्षिक स्पर्धेत, वेल्सचा कर्णधार होता! वय 21. वेल्सचा जुना दिग्गज गॅरेथ एडवर्ड्स याच्यानंतरचा सर्वांत तरुण कर्णधार. क्लब एकच, देश एकच, मग एकाला कर्णधारपद आणि दुसऱ्याला बंदी कशी? तर जेंकिन्स कोवळ्या वयातच इंग्लंडमध्ये शिकायला गेला आणि तिथल्याच अकादमीतून वर आला. हॉकिन्स वेल्समधली जागा सोडून गेला. नियमाला प्रतिभेशी देणंघेणं नाही, तुम्ही कोणत्या वाटेने गेलात ते तो बघतो. माझ्या मते तरुणांना घरी राखायच्या नादात वेल्सने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जेंकिन्सच्या संघाने त्या स्पर्धेतले पाचही सामने गमावले, आणि ही पराभवांची रांग 18 सामन्यांवर जाऊन जुलै 2025 मध्ये जपानमध्ये थांबली.

रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल सारखेच, पळता येणारा कुठेही पळेल, हेही असंच. लुई रीस-झॅमिट वेल्सचा सगळ्यात वेगवान विंगर, 2021 मध्ये विशीतच ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघासोबत दौऱ्यावर गेलेला. जानेवारी 2024 मध्ये तो रग्बी सोडून एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगकडे गेला. कॅन्सस सिटी चीफ्सने घेतलं, हंगामाआधी सोडलं. जॅक्सनव्हिल जग्वार्सने सराव-चमूत ठेवलं. एनएफएलचा एकही मुख्य सामना न खेळता तो 2025 मध्ये परतला आणि ब्रिस्टलकडून रग्बी खेळू लागला. रग्बीत चेंडू पुढे फेकायलाच मनाई. एनएफएलमध्ये पुढे फेकलेला चेंडू धावता धावता झेलायचा आणि पाठ केलेल्या शेकडो चालींपैकी नेमकी एक क्षणात आठवायची. नुसता वेग काय कामाचा?

2025 मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग पाहून खेळाचा अंदाज बांधलेल्यांसाठी एवढंच, की ती सात जणांची होती. वेल्सचं रग्बी पंधरा जणांचं, 80 मिनिटांचं.

धिप्पाड असल्याशिवाय भागत नाही, हेही खरं नाही. वेल्ससाठी सर्वाधिक 58 ट्राय करणारा शेन विल्यम्स पाच फूट सात इंचांचा. डोक्यावरच्या मऊ टोपीने मेंदू वाचतो हा समज मात्र घातक. ती कान आणि कातडी वाचवते. डोकं आपटल्यावर आत मेंदूला बसणारा हिसका तिने थांबत नाही. माजी खेळाडू अॅलिक्स पोफम आणि माजी कर्णधार रायन जोन्स यांना चाळिशीच्या आसपासच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी रग्बीच्या नियामक संस्थांना कोर्टात खेचलं आहे. 2024 पासून खेळाडूंच्या दातांतल्या माउथगार्डमध्ये धक्का मोजणारं यंत्र बसवलं जातंय, ते या सगळ्यानंतर.

शरीर कधी दगा देईल याचा नेम नसतो. 22 व्या वर्षी वेल्सचा आणि 24 व्या वर्षी लायन्सचा कर्णधार झालेला सॅम वॉरबर्टन 29 व्या वर्षी निवृत्त झाला. म्हणूनच ‘खेळायचं तर शिक्षण सोडावंच लागतं’ असं सांगणाऱ्यांनी जेमी रॉबर्ट्सकडे बघावं: वेल्सकडून 94 सामने, आणि खेळता खेळताच 2013 मध्ये मिळवलेली डॉक्टरकीची पदवी.