विश्लेषण : शेवट माहीत असूनही गॉथिक कादंबरी पुन्हा का वाचली जाते?

‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. वाड्याच्या पोटात काय दडलंय, हे तोवर अनेकांना ठाऊक होतं. मग रहस्य फुटल्यावरही लोक परत का येतात? गॉथिक कादंबऱ्यांकडे पाहिलं तर याचं उत्तर मिळतं.

गॉथिक म्हणजे नेमकं काय?

हा शब्द इमारतींच्या शैलीचा. मुंबईचं सीएसएमटी स्थानक व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतलं. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने १७६४ च्या अखेरीस ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असं छापलं. नाव चिकटलं ते कायमचं. जुना किल्ला, बळकावलेली मालमत्ता आणि आजोबाचं पाप नातवंडांना भोवणं, हा साचा तिथूनच आला.

या प्रकाराला भूत नसलं तरी चालतं, वास्तू मात्र लागते. जालन्याचा मस्तगड घ्या. १७२५ च्या सुमारास बांधलेल्या या गढीत एक मोठी विहीर आहे आणि तिच्या आत दालनं आहेत. याच गढीत पुढे नगरपालिकेची कचेरी आली. वर रोजचा कारभार, खाली काळोखी दालनं. गॉथिक लेखकाला एवढं पुरतं.

दुसऱ्या वाचनात काय बदलतं?

पहिल्यांदा वाचताना ‘पुढे काय होणार’ हाच प्रश्न असतो. पुन्हा वाचताना ‘हे कोण सांगतंय’ याकडे लक्ष जातं. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) रोजनिश्या, पत्रं आणि तारा यांतून उलगडते. त्यात ड्रॅक्युलाची रोजनिशी मात्र नाही. त्याच्याविषयी कळतं ते बहुतेक त्याच्या शत्रूंनी लिहिलेलं. शेवटी तेच कबूल करतात की अस्सल कागद जवळपास उरलेला नाही, आहेत त्या टंकलिखित प्रती. हे वाक्य पहिल्या वाचनात सहज निसटतं.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) तर भूमिकाच उलटतात. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्याचं आहे. राक्षसाला नावच नाही. भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत तो भाषा शिकतो. पहिल्यांदा त्याची भीती वाटते. दुसऱ्यांदा त्याला जन्म देऊन पळून गेलेल्या माणसाचा राग येतो.

मराठीत काय वाचावं?

नारायण धारप यांची ‘लुचाई’ इथे उपयोगी पडते. तिचा आधार स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ (१९७५), आणि किंगच्या डोक्यात होता ड्रॅक्युला. ‘तुंबाड’ची प्रेरणाही धारपांचीच कथा. ‘लुचाई’नंतर ‘ड्रॅक्युला’ वाचून पुन्हा ‘लुचाई’ उघडली, तर काय उसनं आणि काय इथल्या मातीतलं, हे वेगळं दिसू लागतं.

दचका एकदाच बसतो. पण वाडा कुणी बळकावला, कुणाला उघड्यावर टाकलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे शेवट कळल्यावरच नीट वाचता येतं.