पु. शि. रेगे : वाचकावर भिस्त ठेवणारा कवी

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील कवींची गणना मालगुंडच्या केशवसुतांपासून सुरू होते. पुढे धालवलीचे विंदा करंदीकर, वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर, बागलांची राई येथील आरती प्रभू अशी नावे येतात. मिठबावचे पुरुषोत्तम शिवराम रेगे यांचे नाव या मालिकेत आदराने घेतले जाते, पण त्यांची कविता मात्र त्या मानाने कमी वाचली जाते. ‘दुर्बोध’ हा शिक्का त्यांच्या कवितेवर फार लवकर बसला. कवी, संपादक आणि प्राध्यापक या त्यांच्या तिन्ही भूमिका एकत्र पाहिल्या की हा शिक्का टिकत नाही.

रेगे यांचा जन्म 2 ऑगस्ट 1910 चा. मिठबाव ज्या देवगड तालुक्यात आहे, तो तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये, म्हणजे रेगे गेल्यानंतर. मुंबई आणि लंडन येथे शिकून ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्यही. पोटापाण्याचा विषय अर्थशास्त्र, पण आयुष्यभराचा ध्यास कवितेचाच. ‘साधना आणि इतर कविता’ हा पहिला संग्रह 1931 चा. त्यानंतर ‘फुलोरा’, ‘हिमसेक’, ‘दोला’, ‘गंधरेखा’, ‘पुष्कळा’, ‘दुसरा पक्षी’ आणि ‘प्रियाळ’ आले. या साऱ्या प्रवासात स्त्रीचे सर्जनशील रूप हा त्यांच्या कवितेचा गाभा राहिला आणि संग्रहागणिक शब्द कमी होत गेले.

‘त्रिधा राधा’ ही छोटी कविता पाहावी. राधा-कृष्णांची जोडी तिच्यात तीनदा दिसते: आधी आभाळ आणि तारका, मग जमीन आणि भाताचे शेत, शेवटी संथ पाणी आणि काठावरची झाडे. मीलनाचे वर्णन नाही, विरहाचा आक्रोश नाही. एकाने व्यापून राहायचे आणि दुसऱ्याने त्यातच आपले रूप धरायचे, हे नाते कवी नुसते समोर ठेवतो. त्याचा अर्थ लावणे वाचकाकडे. ज्याने खाचरात भात डोलताना पाहिले आहे, त्या कोकणातल्या माणसाला ही कविता अवघड वाटू नये.

1954 ते 1960 या काळात रेग्यांनी ‘छंद’ हे द्वैमासिक चालवले. कवितेची चर्चा कवितेच्याच अंगाने व्हावी, कवीच्या चरित्राच्या किंवा तात्पर्याच्या अंगाने नव्हे, हा ‘छंद’चा आग्रह होता. 1962 मध्ये आलेल्या ‘छांदसी’तील लेखांतही तीच दृष्टी आहे. स्वतःची कविता ऐन भरात असताना दुसऱ्यांच्या लेखनासाठी वर्षानुवर्षे वेळ देणे, हे काम आपल्याकडे कवीच्या कर्तृत्वात क्वचितच धरले जाते. ते धरले पाहिजे.

1962 मधलीच रेग्यांची ‘सावित्री’ ही कादंबरी 39 पत्रांची. सगळी पत्रे सावित्रीचीच; तिला आलेले एकही उत्तर छापलेले नाही. कूर्गपासून जपानपर्यंत ती जाते, महायुद्धाचा काळ सरतो आणि पलीकडचा माणूस आपण तिच्या ओळींवरून उभा करत राहतो. मोरासाठी नाचणाऱ्या लच्छीची गोष्टही ती सांगते. कवितेत जे कमी शब्दांनी साधले, ते कादंबरीत उत्तरे वगळून साधले. वाचक उरलेले पुरे करील, ही भिस्त दोन्हीकडे आहे.

1969 च्या वर्धा साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 17 फेब्रुवारी 1978 रोजी ते गेले. ‘अनीह’ हा संग्रह 1984 मध्ये आला. सन्मान झाला, पण वाचकांची त्यांच्याशी सलगी झाली नाही. ती करून देण्याचे काम आता शिक्षकांचे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वर्गांत रेग्यांची कविता आधी मोठ्याने वाचावी, दोनदा वाचावी, आणि अर्थ सांगण्याआधी मुलांना विचारावे: तुम्हाला काय दिसले? वाचकावर इतका विश्वास टाकणाऱ्या कवीला शिकवण्याची हीच योग्य रीत आहे.