भूल आणि शरीराचे पहारेकरी

१८४६ साली बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी रोग्याला ईथर हुंगवून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. आज ईथरच्या जागी आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन अशी द्रव्ये आली आहेत. त्यांच्या वाफेने रोगी बेशुद्ध होतो. पण रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, त्यांचे काय होते? तेही पेंगतात का?

काही अंशी होय. शरीरात जंतू शिरले की या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तिच्यातून बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. चिकटण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर एक खास प्रथिन असते. वरील दोन्ही द्रव्यांचे रेणू त्या प्रथिनाला बिलगून त्याचे काम मंद करतात, असे प्रयोगशाळेत आढळले. कर्कपेशींना मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ही मंदावतात.

मग कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ही भूल घातक ठरते का? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनाचा कर्करोग झालेल्या २,१०८ स्त्रिया होत्या. एका गटाला सेव्होफ्लुरेनची भूल दिली. दुसऱ्या गटाला छातीचा भाग बधिर करून शिरेतून प्रोपोफॉल दिले. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे १० टक्केच निघाले!

शस्त्रक्रियेची जखम आणि वेदनेचा ताण यांनीही पहारेकरी मंदावतात. भूल तर ती वेदना टाळते. म्हणून परीक्षानळीतला निष्कर्ष रोग्यांवर पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारायचा नसतो.