वारा आधी, पाऊस मागाहून

श्रोतेहो, शिरूर-दौंडकडची वैशाखातली दुपार आपल्या ओळखीची आहे. अंगाची काहिली होते, झाडाचं पान हलत नाही. मग आभाळ भरून येतं, एकाएकी गार वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, कांदाचाळीवरचे पत्रे उडतात. पाऊस त्यानंतर येतो. म्हणून आपण म्हणतो, वाऱ्याने पाऊस आणला. खरं तर उलट आहे.

ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून पडतो, तेव्हा बरेच थेंब वाटेतच सुकतात. सुकताना पाणी उष्णता घेतं. माठातलं पाणी गार होतं, तेच हे कारण. गारठलेली हवा जड होऊन कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणजे पाऊस हे कारण, वारा हे कार्य. फक्त कार्य आपल्या दारात आधी पोचतं. कारण कार्याच्या आधी असावं लागतं, हे न्यायशास्त्र सांगतंच. पण आधी घडणं वेगळं आणि आधी दिसणं वेगळं.

5 जुलै 2002 रोजी पूर्व फिनलंडमध्ये असंच वादळ शेकडो किलोमीटर जंगल आडवं करत गेलं. अशा वादळाला 'डेरेचो' म्हणतात. हा स्पॅनिश शब्द, अर्थ 'सरळ'. अमेरिकेत आयोवातले प्राध्यापक गुस्टाव्हस हिनरिक्स यांनी 1888 मध्ये तो वापरला, चक्राकार वाऱ्यापासून हा वारा वेगळा दाखवण्यासाठी. 1987 साली मांडलेल्या कसोटीनुसार नुकसानीचा पट्टा किमान 400 किलोमीटर लांब हवा आणि वाऱ्याचे झोत ताशी सुमारे 93 किलोमीटरच्या वर हवेत.

एक ढग जेमतेम तासभर जगतो. मग वादळ इतकं टिकतं कसं? पसरणारी गार हवा समोरची उबदार, दमट हवा उचलते. नवा ढग उभा राहतो, जुना विरतो. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात: पहाटेची ज्योत रात्रीचीच म्हणता येत नाही, आणि निराळीही म्हणता येत नाही. वादळाचंही तसंच आहे.

ही साखळी टिकायला खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत पुरेसा फरक लागतो. आपल्याकडच्या वळवात बहुधा तो नसतो. गार हवा ढगाला मागे टाकून पुढे पळते, ढगाचं उबदार हवेचं खाद्य तुटतं आणि तो विरतो. पण आयुष्य थोडं म्हणून जोर थोडा, असं समजू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

तेव्हा पहिली गार झुळूक आली की 'सुटलो बुवा' म्हणून झाडाखाली बसू नये. हाताशी थोडीच मिनिटं असतात. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेची सूचना देतं, ते पाहावं. कांद्यावर ताडपत्री ओढायला जीव तुटतो, हे आम्हांला कळतं. तरी आधी पक्कं घर गाठावं. कांदा पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो.