दाबोळीचे तीन शेपट्यांचे विमान

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर भारतीय नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते ऑक्टोबर १९९८ मध्ये खुले झाले. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, कामोव्ह हेलिकॉप्टर अशी लढाऊ मंडळी येथे दाटीवाटीने उभी आहेत. त्यांच्यात एक विमान जन्माने मुलकी, ऐसपैस आणि काहीसे डौलदार: अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे सुपर कॉन्स्टलेशन. त्याचा नौदलातील क्रमांक आयएन ३१५.

पंखांचा विस्तार साडेसदतीस मीटर, लांबी सुमारे पस्तीस. पण नजर अडकते ती आकारावर. बाजूने पाहिले तर हे विमान सरळ नळीसारखे नाही. नाक खाली झुकलेले, शेपूट वर उचललेली, मधे माशासारखा बाक. हा बाक शोभेसाठी नव्हता. चार मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच ठेवावे लागले. मग नाक खाली वळवले, म्हणजे पुढच्या चाकाचा दांडा फार लांब करावा लागला नाही. शेपटीला एकाऐवजी तीन उभे पडदे लावले, कारण एकच उंच पडदा त्या काळच्या हँगरच्या दारात मावला नसता.

इंजिने अठरा सिलिंडरांची, राइट कंपनीची. बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर छोटी टर्बाइन फिरवून तीच ताकद पुन्हा इंजिनाला जोडण्याची युक्ती त्यांत होती. युक्ती हुशारीची, पण नाजूक. वाटेत एखादे इंजिन बंद करावे लागे, इतके सर्रास, की ‘तीन इंजिनांवर चालणारे जगातले सर्वोत्तम विमान’ अशी वैमानिकांत थट्टा चाले. आसने काढून माल भरता येईल असाही एक प्रकार कंपनीने बनवला.

एअर इंडियाचा या घराण्याशी संबंध जुना. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिली सेवा गेली ती आधीच्या, आखूड कॉन्स्टलेशनने. त्याचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’. त्याच आखूड प्रकारातले ‘काश्मीर प्रिन्सेस’ ११ एप्रिल १९५५ रोजी, बांडुंग परिषदेला निघालेल्या चिनी प्रतिनिधींना नेताना, घातपाती बॉम्बने समुद्रात कोसळले. लक्ष्य चीनचे पंतप्रधान चौ एन लाय होते. ते विमानात नव्हते. कॅप्टन जटार यांनी पेटलेले विमान पाण्यापर्यंत आणले. एकोणीस जणांतले तिघे वाचले, त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. सुपर कॉन्स्टलेशने १९५४ पासून येऊ लागली आणि राजकन्यांच्या जागी राण्या आल्या: ‘राणी ऑफ झाशी’, ‘राणी ऑफ अजंता’, ‘राणी ऑफ एलोरा’.

राण्यांचे राज्य आठ वर्षांतच संपले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि १९६२ मध्ये एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला. पंख्यांची विमाने अजून धडधाकट होती. ती हवाई दलाकडे गेली आणि लोहगावच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये सागरी टेहळणीला लागली. हा बदल वाटतो तेवढा विचित्र नाही. महासागर ओलांडणाऱ्या विमानाला इंधनाचा मोठा साठा आणि ऐसपैस केबिन लागते. तासन् तास समुद्रावर घिरट्या घालणाऱ्यालाही नेमके तेच लागते.

समुद्रावरची टेहळणी हवाई दलाने करायची की नौदलाने, हा वाद मात्र बराच काळ चालला. १९७१ च्या युद्धानंतर त्याला धार आली. अखेर निकाल नौदलाच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर ३१२ क्रमांकाचे स्क्वाड्रन याच विमानांनिशी उभे राहिले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती निवृत्त झाली.

दाबोळीला हे विमान त्याआधीही ठाऊक होते. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या कारवाईत, भारतीय कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले तेव्हा पोर्तुगालचे एक कॉन्स्टलेशन आणि आणखी एक प्रवासी विमान तळावर अडकले होते. खड्डे पडलेल्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून रात्री दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. मुक्तीच्या इतिहासात हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकला जातो, एवढ्या आखूड पट्टीवरून एवढे जड धूड उचलणे ही खरे तर मोठीच करामत होती.

३१२ स्क्वाड्रनने पुढे रशियन तुपोलेव्ह १४२ विमाने वापरली. ते आता तमिळनाडूत अरक्कोणमला आहे. २०१३ पासून त्याच्याकडे पी-८आय आहे, म्हणजे पाणबुडीच्या शोधासाठी बदललेले बोइंग ७३७, पुन्हा एकदा प्रवासी विमानच, फक्त या वेळी जेट. त्याच जातीचे दुसरे स्क्वाड्रन मार्च २०२२ मध्ये आयएनएस हंसावर स्थापन झाले.